नोटबुकातील उत्तर कोणत्या पायथनचे?

शास्त्रीय नोंदवहीची किंमत केवळ तिच्यातील उत्तरांवरून ठरत नाही. ते उत्तर कोणत्या साधनाने व कोणत्या परिस्थितीत मिळाले, हे ती वही वाचणाऱ्या दुसऱ्या माणसास कळते की नाही, यावरून ती ठरते. इ. स. १६१० च्या जानेवारी महिन्यात गॅलिलिओने गुरूच्या उपग्रहांची स्थाने रात्रीमागून रात्री टिपून ठेवली. मध्ये ग्रहाचे वर्तुळ, दोहो बाजूंस लहान ताऱ्यांच्या खुणा आणि निरीक्षणाची तारीख, असा त्या टिपणांचा साधा मजकूर होता. परंतु ज्याच्यापाशी तशी दुर्बीण असेल त्यास ती पडताळून पाहता येत होती. आज जगभर वापरात असलेल्या ‘ज्युपिटर नोटबुक’ या संगणकीय वहीचे नाव ज्युलिया, पायथन व आर या तीन संगणकभाषांच्या नावांवरून तयार झाले असून, गॅलिलिओच्या त्या टिपणांचे स्मरणही त्यात हेतुपुरस्सर ठेवलेले आहे. तेव्हा या नव्या वहीकडून जुन्या वहीइतक्याच प्रामाणिकपणाची अपेक्षा करणे गैर ठरणार नाही. ती अपेक्षा आज पुष्कळदा पुरी होत नाही. याचे एक कारण अगदी साधे आहे: वहीतले गणित नेमक्या कोणत्या पायथनने केले हे वही पुरतेपणी सांगत नाही, आणि लिहिणाराही ते विचारीत नाही.

हा प्रश्न केवळ मोठ्या प्रयोगशाळांचा आहे असे मानण्याचे कारण नाही. फर्नांडो पेरेझ यांनी २००१ साली ‘आयपायथन’ या साधनाचा प्रारंभ केला. २०११ मध्ये त्यास ब्राउझरात उघडणाऱ्या नोटबुकाचे रूप आले आणि २०१४ मध्ये त्यातून ज्युपिटर हा प्रकल्प निघाला. फेब्रुवारी २०१६ मध्ये गुरुत्वीय लहरींच्या पहिल्या प्रत्यक्ष वेधाची घोषणा झाली, तेव्हा लायगो या वेधशाळेच्या शास्त्रज्ञांनी त्या संकेताच्या नोंदी व त्यांचे विश्लेषण करून दाखविणारे नोटबुकही सर्वांसाठी खुले केले. आपल्या देशात केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या ११ वी व १२ वीच्या संगणकविषयक अभ्यासक्रमांत पायथन भाषा आलेली असून ‘इन्फॉर्मेटिक्स प्रॅक्टिसेस’ या विषयात ‘पांडास’ हे पॅकेज शिकविले जाते. म्हणजे गुरुत्वीय लहरींचा अभ्यासक आणि तालुक्याच्या गावातील शाळेचा विद्यार्थी हे दोघेही एकाच प्रकारच्या वहीत लिहितात, आणि वहीचा दोष दोघांनाही सारखाच भोवतो.

पान एक, हिशेब करणारा दुसरा

नोटबुक उघडले की पडद्यावर एक पान दिसते. त्यातील चौकटीत आज्ञा लिहावी, दोन कळा दाबाव्यात आणि खाली उत्तर उमटावे, असा त्याचा व्यवहार असल्यामुळे हे सर्व त्या पानातच घडते असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः तेथे तीन निरनिराळ्या गोष्टी काम करीत असतात. पहिली, ब्राउझरातील पान. ते फक्त लिहून घेते व दाखविते. दुसरी, ज्युपिटरचा सर्व्हर. तो फाईल जतन करतो आणि निरोपांची ने-आण करतो. तिसरी, ‘कर्नेल’ नावाची स्वतंत्र प्रक्रिया. प्रत्यक्ष पायथन चालते ते तेथे. चौकटीतील प्रत्येक ओळ कर्नेलकडे पाठविली जाते आणि त्याने काढलेले उत्तर पानावर परत येते. पंगतीत बसलेल्यास ताटातील पदार्थ दिसतो, पण स्वयंपाक मुदपाकखान्यात झालेला असतो. तसाच हा प्रकार होय.

आता या आचाऱ्याने सामान कोणत्या कोठीतून घ्यावयाचे, हा प्रश्न उरतो. पायथनमध्ये अशा स्वतंत्र कोठीस ‘व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट’ म्हणतात. एका कामासाठी लागणारी पॅकेजे, त्यांच्या ठरावीक आवृत्त्यांसह, एका वेगळ्या फोल्डरात ठेवावयाची, म्हणजे दुसऱ्या कामाच्या पॅकेजांशी त्यांचा झगडा होत नाही, ही त्यामागील कल्पना. इयान बिकिंग यांचे ‘व्हर्च्युअलएन्व्ह’ हे साधन २००७ पासून उपलब्ध होते. सप्टेंबर २०१२ मध्ये निघालेल्या पायथन ३.३ या आवृत्तीपासून अशी कोठी बनविण्याची सोय मूळ भाषेतच ‘व्हेन्व्ह’ या नावाने आली. २०२३ मध्ये डेबियन १२ आणि उबंटू २३.०४ या प्रणालींनी आणखी एक पाऊल टाकले: प्रणालीच्या स्वतःच्या पायथनमध्ये ‘पिप’च्या साह्याने पॅकेज घालू लागल्यास ते नाकारले जाते आणि एन्व्हायर्नमेंट करण्याची सूचना मिळते. यावरून एन्व्हायर्नमेंट ही आता हौशी माणसाची चैन राहिलेली नसून रोजच्या कामाची शिस्त झाली आहे, हे उघड होते.

गोंधळ नेमका कोठे होतो

विद्यार्थी एन्व्हायर्नमेंट बनवितो, टर्मिनलमध्ये ते सक्रिय करतो, त्यात पांडास बसवितो आणि नोटबुक उघडून पहिलीच ओळ चालवितो. उत्तर येते, ‘मॉड्यूल सापडले नाही’. तो पुन्हा पॅकेज बसवू लागतो, तर पिप सांगते की ते आधीच बसविलेले आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी ही अवस्था आहे. पॅकेज संगणकात आहे. पण कर्नेल ज्या पायथनचे आहे त्याच्या कोठीत ते नाही.

असे का व्हावे? एन्व्हायर्नमेंट सक्रिय करणे म्हणजे काय घडविणे, याविषयी अनेकांच्या मनात भलतीच कल्पना असते. त्या कृतीने मुख्यतः एवढेच होते, की त्या एका टर्मिनलच्या ‘पाथ’ या यादीत एन्व्हायर्नमेंटच्या फोल्डराचा पत्ता सर्वांच्या पुढे लावला जातो. त्यामुळे त्या टर्मिनलमध्ये ‘पायथन’ असे म्हटले की त्या फोल्डरातील पायथन धावून येते. परंतु कर्नेल या यादीवर विसंबून असेलच असे नाही. प्रत्येक कर्नेलची ज्युपिटरपाशी एक लहानशी नोंदफाईल असते. कोणत्या पायथनला कोणत्या आज्ञेने सुरू करावयाचे हे तीत लिहिलेले असते, आणि पायथनचा तो पत्ता पुष्कळदा पूर्ण स्वरूपात दिलेला असतो. टर्मिनलमध्ये कोणतेही एन्व्हायर्नमेंट सक्रिय असो. नोंदफाईल ज्या पायथनकडे बोट दाखविते तेच सुरू होते. ज्युपिटर एका ठिकाणी बसविलेले आणि पॅकेजे दुसरीकडे, अशी स्थिती असली की घोटाळा ठरलेलाच.

त्यात भर पडते ती नावाची. या नोंदीस नेहमी मिळणारे आयते नाव ‘पायथन ३’ हे आहे. दहा संगणकांवर दहा निरनिराळी एन्व्हायर्नमेंटे असली तरी पडद्याच्या कोपऱ्यात तेच नाव झळकते. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, या म्हणीचा प्रत्यय येथे पदोपदी येतो. नोटबुकाच्या फाईलमध्येही कर्नेलचे हे नाव आणि पायथनची आवृत्ती एवढेच साठविले जाते. त्या पायथनचा पत्ता किंवा पॅकेजांच्या आवृत्त्या तीत आपोआप येत नाहीत. पत्रावर ‘जोशी, पुणे’ एवढाच पत्ता घालावा आणि ते योग्य घरी पोहोचेल अशी आशा करावी, त्यातलाच हा प्रकार.

आणखी एक सापळा सांगितला पाहिजे. नोटबुकाच्या चौकटीत उद्गारचिन्ह घालून पिपची आज्ञा दिली, तर ती आज्ञा कर्नेलच्या पायथनकडे न जाता प्रणालीच्या शेलकडे जाते, आणि शेल ‘पाथ’ यादीत प्रथम सापडेल ते पिप चालविते. ते पिप वेगळ्याच कोठीचे असू शकते. हा घोटाळा टाळण्यासाठी आयपायथनच्या २०१९ मध्ये निघालेल्या ७.३ या आवृत्तीत टक्क्याचे चिन्ह घालून द्यावयाची पिपची आज्ञा आली. ती चालू कर्नेलच्याच कोठीत पॅकेज घालते. एका चिन्हाचा हा फरक प्रत्येक विद्यार्थ्यास पहिल्याच आठवड्यात सांगितला गेला पाहिजे.

बोलकी चूक आणि मुकी चूक

‘मॉड्यूल सापडले नाही’ ही चूक त्रासदायक खरी, पण ती बोलकी आहे. पांडास या पॅकेजाचे उदाहरण घ्या. दोन तक्ते एकाखाली एक जोडण्याची ‘अपेंड’ ही कृती एप्रिल २०२३ मध्ये आलेल्या २.० या आवृत्तीत काढून टाकण्यात आली. जुन्या धड्यावरून लिहिलेली ती ओळ नव्या एन्व्हायर्नमेंटात चालविताच काम थांबते आणि चूक समोर येते. विद्यार्थी गोंधळतो, परंतु फसत नाही.

खरे भय मुक्या चुकीचे आहे. ‘सायकिट-लर्न’ या पॅकेजात ‘रँडम फॉरेस्ट’ नावाची, अनेक निर्णयवृक्षांच्या मतांवरून अनुमान काढण्याची पद्धत आहे. वृक्षांची संख्या वापरणाराने सांगितली नाही, तर पॅकेज ती स्वतः ठरविते. पूर्वी ही आयती संख्या १० होती. डिसेंबर २०१९ मधील ०.२२ या आवृत्तीपासून ती १०० झाली. मधल्या दोन आवृत्त्यांनी या बदलाची सूचना दिली होती. परंतु त्यांच्या आधीची आवृत्ती निमूटपणे १० वृक्ष लावते आणि नंतरची तितक्याच निमूटपणे १०० लावते. एकच नोटबुक, एकच अक्षर न बदलता, दोन एन्व्हायर्नमेंटांत चालविले तर दोन वेगळी उत्तरे येऊ शकतात. आणि दोन्ही ठिकाणी पडद्यावर नाव तेच, ‘पायथन ३’. रोगनिदानाचा अंदाज असो की पिकाच्या उताऱ्याचा, दोघा अभ्यासकांनी प्रामाणिकपणे काम करूनही त्यांची उत्तरे जुळणार नाहीत, आणि वाद कशावरून आहे हेच त्यांस उमगणार नाही.

या काळजीस आधार आहे. पिमेंतेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गिटहब या संकेतस्थळावरील सुमारे १४ लक्ष नोटबुके गोळा केली होती. त्यांपैकी ८,६३,८७८ नोटबुके पुन्हा चालवून पाहण्यात आली. अवघी २४.११ टक्के चुकीशिवाय शेवटपर्यंत चालली, आणि मूळ उत्तरेच पुन्हा मिळाली ती फक्त ४.०३ टक्के नोटबुकांत. या अपयशामागे पुष्कळ कारणे आहेत. चौकटी उलटसुलट क्रमाने चालविणे, माहितीच्या फायली सोबत नसणे, ही त्यांत येतात. परंतु वारंवार आढळलेल्या चुकांत पॅकेज न सापडण्याची चूक ठळकपणे होती. ज्या वहीतील उत्तर पंचवीस वेळांतून एकदाच पुन्हा मिळते, तिला शास्त्रीय नोंदवही म्हणावे काय, हा प्रश्न विचारावाच लागेल.

आक्षेपांचा विचार

यावर काही समंजस माणसे असे म्हणतात की, नवशिक्यास एन्व्हायर्नमेंट व कर्नेल यांच्या जंजाळात ओढू नये. सर्व पॅकेजे एकाच मोठ्या कोठीत भरून द्यावीत, म्हणजे तो निर्धास्तपणे भाषा शिकेल. पहिल्या महिन्यापुरते हे म्हणणे मान्य करण्यास हरकत नाही. पण कोठी एकच असली की एका विषयासाठी केलेली सुधारणा दुसऱ्या विषयाचे नोटबुक मोडते. जून २०२४ मध्ये नमपाय २.० आले, तेव्हा नमपायच्या आधीच्या आवृत्तीसाठी बांधलेली अनेक पॅकेजे त्याच्यासोबत चालेनाशी झाली, व ती पुन्हा बांधावी लागली. ज्यांच्या कोठ्या वेगळ्या होत्या त्यांनी एका कोठीत नवे नमपाय घेऊन पाहिले आणि दुसरीत जुने काम चालू ठेवले. एकच कोठी असणारास ही मुभा नव्हती.

दुसरे म्हणणे असे की, गूगल कोलॅबसारख्या सेवेत सर्व काही तयार असते, मग ही यातायात कशाला? ज्या शाळेत चांगले संगणक नाहीत तिला अशा सेवेचा मोठा आधार आहे, हे नाकारता येणार नाही. तथापि तेथील पॅकेजांच्या आवृत्त्या सेवा देणारे ठरवितात व त्या वेळोवेळी बदलतात. यंदा चाललेला धडा पुढील वर्षी तसाच चालेल याची हमी त्यात नाही. शिवाय जे विद्यार्थ्यास दिसतच नाही त्याविषयी तो प्रश्नही विचारीत नाही. सूक्ष्मदर्शक दुसऱ्याने जुळवून द्यावा आणि विद्यार्थ्याने फक्त डोळा लावावा, हे शिक्षण अपुरेच होय.

दोष सर्वस्वी विद्यार्थ्यांचा किंवा शिक्षकांचा आहे असे मात्र नाही. साधनाची घडणही यास जबाबदार आहे. फाईलमध्ये पायथनची आवृत्ती साठवावयाची आणि पॅकेजांच्या आवृत्त्या वगळावयाच्या, ही निवड समर्थनीय वाटत नाही. एकेकट्या आज्ञाफायलीच्या माथ्यावर तिला लागणारी पॅकेजे लिहून ठेवण्याची एक प्रमाण रीत २०२४ मध्ये पायथनने स्वीकारली आहे. नोटबुकाच्या बाबतीतही तशीच रीत रूढ होणे अगत्याचे आहे. ते होईपर्यंत मात्र हाताने शिस्त पाळण्यावाचून गत्यंतर नाही.

शिस्त कोणती असावी

ती फार अवघड नाही. प्रत्येक कामाच्या फोल्डरात त्या कामापुरते एन्व्हायर्नमेंट बनवावे. त्याच एन्व्हायर्नमेंटच्या पायथनकडून ‘आयपायकर्नेल’ हे पॅकेज बसवून घ्यावे आणि त्याची नोंद ज्युपिटरपाशी करावी. नोंद करताना नाव स्वतः द्यावे. ते दिले नाही तर पुन्हा सर्वसाधारण नावच लागते आणि मूळ गोंधळ कायम राहतो. ‘बारावी-सांख्यिकी’ किंवा ‘पर्जन्यमान-प्रकल्प’ असे नाव कोपऱ्यात दिसले की कोणती कोठी चालू आहे हे वर्गातील शेवटच्या बाकावरूनही कळते. नोटबुक उघडल्यावर ते कर्नेल निवडावे. ज्युपिटरलॅब व व्हीएस कोड या दोहोंतही ही निवड उजव्या बाजूस वरच्या कोपऱ्यात असते.

एकच विद्यार्थी व एकच काम असेल तर याहून सोपा मार्ग आहे: ज्युपिटरही त्याच एन्व्हायर्नमेंटात बसवावे आणि तेथूनच सुरू करावे, म्हणजे आयते मिळणारे कर्नेल बरोबरच असते. परंतु शाळेची प्रयोगशाळा किंवा सार्वजनिक ग्रंथालय येथे एका संगणकावर अनेकजण अनेक कामे करतात. तेथे ज्युपिटर एक आणि नावे दिलेली कर्नेले अनेक, हीच व्यवस्था श्रेयस्कर होय.

एवढे करूनही नावावर विश्वास ठेवू नये, पत्ता पाहावा. प्रत्येक नोटबुकाच्या पहिल्या चौकटीत ‘सिस’ या मॉड्यूलातील ‘एक्झिक्युटेबल’चे मूल्य छापण्याची ओळ असावी. चालू पायथनचा पूर्ण पत्ता ती दाखविते. त्यात कामाच्या फोल्डराचे नाव दिसले तर पुढे जावे. न दिसल्यास तेथेच थांबावे. त्याच चौकटीत पायथनची आवृत्ती आणि मुख्य पॅकेजांच्या आवृत्त्या छापल्या, म्हणजे उत्तराबरोबर साधनाचीही नोंद कायम होते. पिपच्या ‘फ्रीझ’ या आज्ञेने मिळणारी पॅकेजांची यादी नोटबुकाशेजारी ठेवावी. दुसऱ्या संगणकावर तशीच कोठी उभारण्यास ती बहुतेक वेळा पुरते.

दोन लहान गोष्टी विसरू नयेत. एन्व्हायर्नमेंटचे फोल्डर दुसरीकडे हलविले किंवा त्याचे नाव बदलले तर नोंदफाईलमधील पत्ता जुनाच राहतो आणि कर्नेल उठत नाही. फोल्डर हलविण्याऐवजी यादीवरून नवे बनवावे हे उत्तम. तसेच एन्व्हायर्नमेंट पुसून टाकल्यावर त्याची ज्युपिटरमधील नोंद आपोआप जात नाही. तीही काढावी लागते. घर पाडल्यावर दारावरची पाटी तशीच ठेवली, तर येणाऱ्याची फसगत होणारच.

शिक्षकांकडे पाहून

हे सर्व करण्यास प्रत्येक नव्या कामाच्या आरंभी काही मिनिटे लागतात. त्यांच्या मोबदल्यात जे मिळते ते मोठे आहे. आज एखादी मुलगी पुस्तकातील ओळ अक्षरशः बरोबर उतरवूनही चूक पाहते आणि ‘हे आपल्याला जमण्यासारखे नाही’ असा ग्रह करून घेते. तिची ओळ बरोबर असते. चुकीचे असते ते कर्नेल, आणि ते तिला कोणी दाखविलेले नसते. अशा ठिकाणी ‘पुन्हा बसवून पाहा’ हा उपदेश निरुपयोगी आहे. ‘हे उत्तर कोणत्या पायथनने दिले?’ असे विचारावयास तिला शिकविले पाहिजे. रसायनशाळेत तराजूचा काटा शून्यावर आहे की नाही हे पाहिल्यावाचून कोणी वजन करू देत नाही. नोटबुकाच्या पहिल्या चौकटीस तोच मान मिळावयास हवा.

प्रात्यक्षिकाच्या वहीत गुण देताना साधनाच्या नोंदीसही गुण ठेवावेत, आणि पत्ता व आवृत्त्या नसलेले नोटबुक अपुरे समजावे. ग्रंथालयांनी आपल्या संगणकांवरील कर्नेलांची नावे, त्यांतील पॅकेजांच्या यादीसह, भिंतीवर लावून ठेवावीत. या साध्या उपायांस विशेष खर्च नाही. गॅलिलिओच्या नावाशी नाते सांगणाऱ्या वहीत लिहिलेले उत्तर दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या संगणकावर बसलेल्या माणसास ताडून पाहता आले, तरच ते नाते खरे ठरेल.